शुक्रवारचा रविवार

परदेशी नोकरी करणाऱ्या ख्रिस्ती माणसाची नाताळाची तयारी तळणीपासून किंवा घराच्या रंगरंगोटीपासून सुरू होत नाही. ती रजेच्या अर्जापासून सुरू होते, आणि तो अर्ज नामंजूर झाला की बाकीची तयारी, कितीही हौसेची असली तरी, त्या नकाराला धरूनच करावी लागते. मुखेडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातून कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत काम बुडालेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात, आणि तो खाडा मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, म्हणजे उचलीच्या, हिशेबात दंडासह चढतो. त्यामुळे कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, सण येतो तो खाड्याचा धाक बरोबर घेऊनच.

‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून, गोवा-वसईच्या वाटेने आला, आणि सणाला घरापासून दूर असण्याची रीतही गोव्यानेच फार पूर्वीपासून अंगवळणी पाडून घेतली. आगबोटींवर खलाशी, स्वयंपाकी किंवा वाढपी म्हणून काम करणाऱ्या गोवेकरांना कोकणीत ‘तारवटी’ म्हणत. बोट मिळेपर्यंत ते मुंबईत धोबी तलावच्या परिसरातील ‘कुडां’मध्ये राहत, कूड म्हणजे खोली, पण येथे एका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेली सामाईक राहण्याची जागा, जिथे भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, समोर गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची सामुदायिक प्रार्थना, असा शिरस्ता असे. गावच्या फेस्ताची, म्हणजे संताच्या सणाची, वर्गणीही तेथेच गोळा होई. एका अर्थी गाव माणसाच्या आधीच मुंबईला येऊन राहिले होते! गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी, नाताळाला सहा दिवस उरले असताना मुक्त झाला, तेव्हा १९५५ पासून तुटलेल्या रेल्वेमार्गामुळे घरची वाट अवघड झालेल्या अनेकांच्या मनात आनंदाबरोबर पुढच्या प्रवासाचा हिशेबही चालू असणार.

पुढे आखाती देशांनी या प्रश्नाला निराळे वळण दिले. तेथे २५ डिसेंबर हा सार्वजनिक सुटीचा दिवस नाही, आणि आठवड्याची सुटी शुक्रवारी असल्यामुळे चर्चमधील रविवारची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, शुक्रवारीही होऊ लागली. दुबईच्या सेंट मेरीज चर्चमध्ये तर कोकणी, मल्याळम, तगालोग अशा अनेक भाषांतील मिस्सांची रांग लागते. धर्माने ठरवलेला वार कामाच्या वारापुढे असा सरकतो, आणि त्यात श्रद्धेला काही उणेपणा वाटत नाही, हे पंचांगावरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी पाहण्यासारखे आहे. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुटी स्वीकारली आणि त्याच वर्षी नाताळ रविवारी आला, त्यामुळे तेथील पुष्कळांना सण रजेविना मिळाला. मात्र कुवेत आणि कतारमध्ये तोच रविवार आठवड्याच्या कामाचा पहिला दिवस होता. सौदी अरेबियात तर सार्वजनिक चर्चच नाही, म्हणून तेथे सण चार भिंतींच्या आत, मोजक्या माणसांत होतो.

फराळाचे मात्र कमी अडते. गोव्यात नाताळाच्या पदार्थांना मिळून ‘कुसवाड’ म्हणतात; त्यातली नेवरी ही आपल्या करंजीचीच बहीण, आणि अहिल्यानगरकडील मराठी ख्रिस्ती घरांत तर नाताळाला लाडू-करंज्या होतातच. नारळ आणि काळा गूळ घालून तासन्‌तास ढवळावा लागणारा दोदोल परदेशातील खोलीत कोण करणार, म्हणून तो सुटीवरून परतणाऱ्या गाववाल्याच्या सामानातून येतो.

नाताळाची खरी तयारी निघण्यापूर्वीच, करारावर सही करताना, व्हायला हवी. दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांत जाताना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारी मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या निमित्ताने करार तपासलाही जातो; पण अशा वेळी सगळ्यांचे लक्ष पगारावर असते, रजेच्या कलमावर नसते. वार्षिक रजा कोणत्या महिन्यात मिळेल, ती कोण ठरवील आणि तिकिटाचा खर्च कोणाचा, हे तीन प्रश्न सहीआधी मराठीत विचारून घेतले, तर २५ डिसेंबरचा खाडा पडणार की नाही हे निदान विमानतळावर पोहोचण्याआधी कळेल.