स्प्रिंगच्या कातडीतले भौतिकशास्त्र

ग्वाल्हेरजवळ सिथौली येथे भारतीय रेल्वेचा स्प्रिंग कारखाना आहे. डब्याखालची स्प्रिंग घडवताना पोलादी गज तापवून वेटोळतात, मग विझवतात. लोहार ज्याला पाणी देणे म्हणतो तेच हे, मात्र बहुधा तेलात. पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा उतरवतात. एवढ्याने स्प्रिंग कठीण होते, पण दीर्घायुषी होत नाही. त्यासाठी तिच्यावर बारीक पोलादी गोळ्यांचा वेगवान मारा करावा लागतो. हेच शॉट पीनिंग.

माऱ्यानंतर दिसते ते केवळ खरखरीत, करडे अंग. प्रत्येक आघाताने वरचा पातळ थर पसरू पाहतो. खालचे पोलाद त्याला पसरू देत नाही, आणि तो कायम दाबाखाली राहतो. या थराची जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच. डबा हेलकावतो तेव्हा गजाला पीळ बसतो आणि सर्वाधिक ताण वेटोळ्याच्या आतल्या बाजूच्या पृष्ठभागावर येतो. थकव्याची चीर सहसा पृष्ठभागावरूनच निघते. चीर उघडायला खेच लागते, आणि तेथे तर दाब आधीच ठाण मांडून बसलेला असतो.

गाड्यांच्या वेगाच्या बातम्या भरभरून छापल्या जातात. या थराविषयी कोणी लिहीत नाही. तो नुसती कठिणता मोजून कळतही नाही. कारखान्यात माऱ्याखाली आल्मेन पट्टी ठेवतात. तिच्या वाकण्यावरून माऱ्याची तीव्रता समजते. पद्धत उत्तम, पण ती माऱ्याची साक्ष देते, स्प्रिंगची नव्हे. प्रत्यक्ष दाब मोजण्याचा एक भरवशाचा मार्ग म्हणजे क्ष-किरण विवर्तन. दाबाने अणुप्रतलांमधील अंतर बदलते आणि ब्रॅगच्या नियमानुसार आलेखातील शिखर सरकते.

हे यंत्र देशातील अनेक भौतिकशास्त्र विभागांत आहे. त्यावर नवनव्या ऑक्साइडांच्या भुकट्यांचे आलेख निघत राहतात. पोलाद मात्र ‘यांत्रिकीवाल्यांचे काम’ ठरते. ही सोवळ्याओवळ्याची विभागणी विद्यार्थ्यांचे नुकसान करते. ज्या नियमाची सूत्रे ते परीक्षेत लिहितात, तो कुठे माणसांचा भार वाहतो हे त्यांना कोणी दाखवत नाही.

अख्खी स्प्रिंग यंत्रात मावणार नाही, आणि कापली तर दाबच सुटेल, हे खरे. पण पीनिंग केलेली सपाट पट्टी पुरेशी आहे. ती निरनिराळ्या कोनांत कलवून शिखर मोजावे, विद्युत्-रासायनिक पद्धतीने थोडा थर उतरवावा, पुन्हा मोजावे. तांब्याऐवजी क्रोमियमची क्ष-किरण नळी मिळाल्यास उत्तम. तांब्याच्या किरणांनी लोह स्वतःच चमकू लागते आणि आलेख गढूळ होतो.