देणगीचा संगणक आणि मराठीचा कळफलक

मोठ्या दुकानसाखळीने एखाद्या खेड्यातील शाळेला संगणक दिले की हारतुरे होतात, पेपरात फोटो येतो, आणि पुढच्या वर्षी पाहावे तर खोलीला कुलूप असते. सीमाभागातील मराठी शाळांना हे नवीन नाही. आमच्या शाळा सुधारणा कमिटीपुढे अलीकडे असाच एक प्रस्ताव आला. नको म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. पण घ्यायचे ते कोणत्या अटींवर, यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. तीच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दुकानदारांनी शाळांना संगणक देण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील टेस्को या किराणा दुकानांच्या साखळीने १९९२ साली 'शाळांसाठी संगणक' नावाची योजना काढली. ठराविक रकमेची खरेदी केली की गिऱ्हाइकाला कूपन मिळे. मुले ती कुपने शाळेत जमा करीत आणि पुरेशी साठली की शाळेला संगणक किंवा त्याचे साहित्य मिळे. योजना वर्षानुवर्षे चालली, हजारो शाळांना साहित्य मिळाले, हे नाकारता येणार नाही. परंतु २००१ साली तेथील 'व्हिच?' या ग्राहक मासिकाने हिशेब मांडला. दहा पौंडांच्या खरेदीला एक कूपन, आणि हजार पौंडांच्या आतबाहेरच्या एका संगणकासाठी कुपने लागत २१,९९०. म्हणजे पालकांनी त्या दुकानात सुमारे २ लाख २० हजार पौंड खर्च करावेत, तेव्हा शाळेत एक यंत्र यावे! दान कोणाचे आणि नाव कोणाचे, असा प्रश्न तेथील पालकांना पडला असेल तर नवल नाही. आईबापांनी कोणत्या दुकानात जावे हे पोरांच्या तोंडून सांगवून घेण्याची ही युक्ती होती, असे आम्हा शिक्षकांना तरी वाटते.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे आणि ती आपल्या बाजूची आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च केली पाहिजे. शिक्षण त्या कामांच्या यादीत आहे. शिवाय कंपनी जेथे व्यवसाय करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कलमात म्हटले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या खेड्यांतील माणसे शहरातल्या मोठ्या दुकानांत साबण, तेल, कापड घेतात. त्या नफ्यात त्यांचाही पैसा आहे. तेव्हा अशा कंपनीकडे अर्ज करताना हात पसरल्याची भावना ठेवण्याचे कारण नाही.

आता भाषेचा मुद्दा, जो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या भागातील एका मराठी शाळेत देणगीचे संगणक आले. बसवणाऱ्याने इंग्रजी आणि कन्नड चालू करून दिले व तो निघून गेला. चौथीच्या एका मुलीला बाईंनी स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तर तिने ते इंग्रजी अक्षरांत, तेही चुकीचे लिहिले. मराठी त्याच यंत्रात होती, पैसे न देता मिळालेली होती, फक्त ती कोणी चालू केली नव्हती. येथे कोणाचा दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. मागितले नाही म्हणून मिळाले नाही, इतकेच.

यात कन्नडला विरोध करण्यासारखेही काही नाही. भारतीय भाषांसाठी 'इन्स्क्रिप्ट' नावाचा प्रमाण कळफलक आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि सर्व लिप्यांत ती त्याच जागी असतात. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठीत क उमटतो आणि कन्नडमध्येही क च उमटतो. कर्नाटकात 'नुडी'ची मांडणी अधिक प्रचलित आहे, ती वेगळी. पण इन्स्क्रिप्ट शिकलेले मूल एका श्रमात दोन भाषा लिहिते. ळ साठी शिफ्ट धरून 'एन', आणि सुऱ्या, दऱ्या अशा शब्दांतल्या ऱ साठी शिफ्ट धरून 'जे', एवढे दाखवले तरी मुलांचे बरेच काम होते. आम्ही स्वतः पन्नाशीनंतर हे शिकलो. बोटे अडखळतात, पण जमते.

२०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड असणे सक्तीचे आहे. त्याविषयीचे आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. परंतु तो नियम पाटीचा आहे, वर्गातल्या संगणकाच्या पडद्याचा नाही. उलट १९५६ साली घटनेत घातलेले ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्यास राज्यांना सांगते. देणगीदार कंपनीच्या अधिकाऱ्याला हे बहुधा माहीत नसते. अर्जात ते नम्रपणे लिहावे.

आमच्या कमिटीने अर्जात चार गोष्टी घातल्या. प्रत्येक यंत्रावर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही चालू करून मिळावीत. दोन शिक्षकांना इन्स्क्रिप्टचे शिक्षण मिळावे. तीन वर्षांची दुरुस्ती कंपनीने पाहावी. आणि शाळा सुटल्यावर दोन तास खोली गावातील तरुणांसाठी उघडी असावी, कारण सातबाऱ्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सारे आता संगणकावर आहे आणि त्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात. शेवटच्या मुद्द्यावर किल्ली कोणाकडे राहणार, यावरून बैठकीत वाद झाला. तो अजून मिटलेला नाही. पुढची बैठक येत्या रविवारी आहे.