पत्ता दिलात, परतही घ्या!

बोरी अरबला माझ्या चुलतभावाला फॉर्मसाठी फोटो लहान करायचा होता. वेबसाइट म्हणे, आधी अपलोड करा! आमच्या नेटवर? अहो, हे काम ब्राउझरमध्येच होतं. कापलेला फोटो मेमरीत फाइल म्हणून राहतो. 'क्रिएटऑब्जेक्टयूआरएल' तिला 'ब्लॉब:'ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता देतं. सर्व्हरवर न जाता फोटो समोर! बेस-६४ सारखा आकारही एक-तृतीयांशाने फुगत नाही.

पण आपण प्रोजेक्टमध्ये पत्ते वाटत सुटतो आणि 'रिव्होकऑब्जेक्टयूआरएल' विसरतो. मग पान बंद होईपर्यंत प्रत्येक जुनी फाइल मेमरी अडवून बसते. लॅबमध्ये हे कळत नाही. गावातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पान हँग होतं. होस्टेलची रूम सोडताना किल्ली देतोच ना? मग काम झाल्यावर पत्ताही रद्द करा. प्रोग्रॅम गावात चालला, तरच पास!