जनरेटर नुसता फिरवून भागत नाही

गेल्या अंकातील ‘जनरेटरवरचा फुकट खर्च’ हे पत्र वाचले. वीज फारशी जात नाही, मग दरवर्षी ऑइल बदलायचे कशाला, असा पत्रलेखकाचा सवाल. अहो, उभ्या इंजिनातही ऑइल ओलावा धरते आणि नासते. म्हणूनच बऱ्याच इंजिनांच्या पुस्तिकेत ‘२५० तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असे छापलेले असते.

दर रविवारी जनरेटर दहा मिनिटे मोकळा चालवण्याचा त्यांचा सल्ला तर अंगाशी येणारा आहे. लोड नसेल तर इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि सायलेन्सरच्या जोडातून काळे चिकट ओघळ उतरतात. ती ऑइलगळती समजून गॅस्केट बदलणारे महाभागही आहेत! त्यापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा तास लिफ्ट, पंप जोडून चालवा. क्षमतेच्या ३० टक्के तरी लोड हवा. आधी डिझेल फिल्टरखालच्या वाटीतले पाणी सोडा, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर पुसा. ऐनवेळी जनरेटर अडतो तो बहुधा बॅटरीपायी.

कंत्राटदार नुसत्या सह्या करून जातात, ही पत्रलेखकाची तक्रार मात्र रास्त आहे. सर्व्हिसच्या वेळी सोसायटीच्या समितीतल्या कोणीतरी हजर राहून अवरमीटरचा आकडा वहीत लिहून घ्यावा.

– एक डिझेल मेकॅनिक, पुणे