जमिनीचा धनी कोण?

कुसगावच्या शेतकऱ्याने एक प्रश्न आपल्या मनाशी विचारावा. सातबाऱ्यावर नाव आपले, सारा भरला बापआज्यांनी, नांगर धरला आपण. मग भूसंपादनाची नोटीस दारात येताच त्या जमिनीचा धनी कोण?

हा प्रश्न आम्ही उगाच काढीत नाही. लोणावळ्याच्या आसमंतातील वळवण व शिरवट्याची धरणे टाटांच्या विजेसाठी झाली आणि १९१५ साली खोपोलीस वीज निघू लागली. पुढे मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. तरी धरण झालेच. १८९४ च्या कायद्याने सरकार ज्याला सार्वजनिक काम म्हणेल ते सार्वजनिक! शेतकऱ्याने कोर्टात भांडायचे ते बहुतेक पैशाबद्दलच. गोरा साहेब गेला, पण त्याचा हा कायदा २०१३ सालचा नवा कायदा येईपर्यंत आमच्या मानेवर बसून होता. द्रुतगती मार्ग कुसगावावरून गेला तो त्याच काळात.

अमेरिकेत काय चालते तेही पाहू. तेथील घटनेची १७९१ सालची पाचवी दुरुस्ती सांगते की, खाजगी मालमत्ता घ्यायची ती सार्वजनिक उपयोगासाठी आणि योग्य मोबदला देऊन. असे असता न्यू लंडन गावच्या नगरपालिकेने सुझेट केलो नावाच्या नर्सबाईचे घर घ्यावयाचे ठरविले. कारण काय, तर जवळ औषधांचा मोठा कारखानदार आला आहे, वस्ती नव्याने उभारली म्हणजे कराचे उत्पन्न वाढेल! तिच्या बाजूने स्वातंत्र्यवादी मताच्या वकिलांची संस्था उभी राहिली. २००५ साली सुप्रीम कोर्टाने पाचास चार मतांनी निकाल नगरपालिकेकडे दिला. न्यायमूर्ती ओकॉनर बाईंनी विरुद्ध मत लिहून बजावले की, अशा निकालाचा लाभ वजनदार लोकांनाच होईल. तसेच झाले. जागा वर्षानुवर्षे ओसाड पडली आणि २००९ साली तो कारखानदारही गाव सोडून निघाला. मात्र लोक चिडले व चाळीसहून अधिक राज्यांनी आपले कायदे बदलले.

या स्वातंत्र्यवाद्यांचे म्हणणे साधे आहे. माणसाच्या कष्टाचे ते माणसाचे. सरकार हा राखणदार आहे, मालक नव्हे. आमच्याकडे शरद जोशींनी हाच विचार शेतकऱ्यांपुढे मांडला व १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला. राखणदारानेच पिकात जनावरे सोडली तर त्याला जाब विचारावा, हे आम्हास पूर्ण मान्य आहे.

पण बंधूंनो, येथेच थांबू नका. मालकी पवित्र म्हणावयाची तर कोणाची? १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात अमेरिकन कोर्टाने हीच पाचवी दुरुस्ती धन्याच्या बाजूने लावली. कारण गुलाम ही त्याची मालमत्ता! ती बेडी बाजारभावाने तुटली नाही. युद्ध व १८६५ सालचा कायदा यांनी तुटली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, ते गुलामांना मुक्त केल्याबद्दल. मुळशीतही हेच दिसले. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. मोबदल्यावर त्यांचे समाधान झाले आणि कसणारा मावळा उघड्यावर पडला. कागदाची मालकी तेवढी राखली तर घामाची मालकी बुडते.

म्हणून अमेरिकेचा अर्धा धडा घ्या, अर्धा आपला आपण लिहा. १९७८ च्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला. २०११ साली पवनेच्या जलवाहिनीविरुद्ध रस्त्यावर आलेल्या मावळच्या तीन शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्यांनी प्राण गमावले. त्यात एक बाई होती. २०१३ च्या कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधितांची संमती आवश्यक केली आणि कूळ व शेतमजूर यांनाही बाधितांत मोजले. परंतु २०१८ साली महाराष्ट्राने दुरुस्ती करून काही प्रकल्पांना संमतीतून व सामाजिक परिणामांच्या पाहणीतून सूट देण्याची वाट उघडली. आमच्या मते ही वाट बंद झाली पाहिजे.

तोवर आपले काम आपण करावे. नोटीस आली की दलालाकडे धावू नका. चावडीवर चारचौघांत वाचा. काम कोणाचे, लाभ कोणाला, हे आधी विचारा, दर मागाहून. २०१३ च्या कायद्याखाली संपादन असेल तर प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत हरकत लेखी द्या. आणि त्या हरकतीत, ज्याच्या नावावर गुंठाही नाही पण ज्याची चूल त्या रानावर पेटते, त्या मजुराचेही नाव घाला. त्याला मागे टाकून वाचविलेली जमीन उद्या तुमच्याही हाती राहणार नाही.