आधी आकाश, मग धावपट्टी

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे तालुके गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या प्रकल्पांच्या नकाशावर ठळकपणे आले आहेत. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्ग याच भागातून जातो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या बंदराच्या परिसरात, समुद्रात भराव घालून मुंबई महाप्रदेशातील तिसरे विमानतळ उभारण्याचा प्रस्तावही पुढे आला आहे. या प्रस्तावाची चर्चा जमीन, भराव, खर्च आणि रोजगार यांभोवती फिरते. ती रास्तच आहे. परंतु विमानतळ केवळ जमिनीवर उभे राहत नाही. त्याला आकाशही लागते. त्या आकाशाचा विचार मात्र अद्याप कोणी मोकळेपणाने मांडलेला नाही.

तो का मांडायला हवा, याचे उत्तर ८ जून २०२४ च्या सकाळी मुंबईने दिले. त्या दिवशी तिरुवनंतपुरमकडे निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीवरून आकाशात झेपावत असतानाच इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान त्याच धावपट्टीवर टेकले. दोन्ही विमाने सुखरूप राहिली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर ठेवले. जनतेच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. पण तो तिथे संपत नाही.

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर करता येत नाही. व्यवहारात एका धावपट्टीवरच सारा भार पडतो. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी या विमानतळाने एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा हाताळली. त्या विक्रमाचे कौतुक झाले; पण अवघ्या काही महिन्यांत गर्दीच्या वेळेतील ताशी ४६ विमानांची मर्यादा ४४ वर आणण्याची पाळी सरकारवर आली. दर दीड मिनिटाला एक विमान, असे गणित ज्याला तासन्‌तास सांभाळायचे आहे, त्या माणसाच्या हातून एखादा क्षण निसटला, तर दोष केवळ त्या माणसाचा म्हणायचा काय?

विमान अपघातांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे देतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ जणांनी प्राण गमावले. परवानगीविषयीचा गैरसमज हे त्यामागचे प्रमुख कारण होते. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीखेरीज उच्चारायचा नाही, असा दंडक घातला गेला. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जणांचा बळी गेला. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते, हे खरे. पण दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांसाठी तेव्हा एकच मार्ग होता आणि नियंत्रकाला विमानाची उंची दाखवणारे रडारही नव्हते, हेही तितकेच खरे. धडक टाळणारी यंत्रणा विमानांत बसवणे त्यानंतरच सक्तीचे झाले. शेकडो चिता पेटल्यावर शहाणपण येणे ही कोणत्याही राष्ट्राला भूषणावह गोष्ट नव्हे.

डहाणूकरांच्या दृष्टीने सर्वांत बोलका धडा मात्र जपानचा आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान धावपट्टीवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण वाचले. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. नियंत्रकासमोरच्या पडद्यावर धोक्याची सूचना उमटली होती, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. यंत्र होते, यंत्राकडे पाहण्याइतकी उसंत नव्हती. तलासरीच्या उत्तरेला अगदी हाकेच्या अंतरावर असलेल्या दमण येथे आपल्या तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. त्याच्या पलीकडे सुरतचे विमानतळ आहे. दक्षिणेला मुंबई, जुहू आणि डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेले नवी मुंबई. या साऱ्यांच्या मधल्या आकाशात आणखी एक धावपट्टी उघडायची, तर नागरी आणि संरक्षण यंत्रणांचा समन्वय कागदावर असून भागणार नाही. मुंबईतच फेब्रुवारी २००९ मध्ये राष्ट्रपतींच्या ताफ्यातील हवाई दलाचे हेलिकॉप्टर धावपट्टीवर आल्याने वेग घेतलेल्या प्रवासी विमानाला उड्डाण सोडून द्यावे लागले होते, याचा विसर पडता कामा नये.

जवळजवळच्या विमानतळांचा घोळही मुंबईला नवा नाही. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले होते. आज उपकरणे सुधारली आहेत, पण गर्दीही त्याच वेगाने वाढली आहे.

स्थानिक अडचणी वेगळ्याच. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी २७५ मीटर उंच आहे. उद्या वाढवणला बंदराच्या उत्तुंग क्रेन उभ्या राहतील. खाड्या, मिठागरे आणि चिखलाट किनारा ही पाणपक्ष्यांची हक्काची जागा, आणि पक्षी म्हणजे विमानाच्या इंजिनाचा शत्रू. १९९१ मध्येच केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, त्यामागे कारणे होती.

विकासाला विरोध करण्याचा येथे हेतू नाही. देशाला बंदरे हवीत, विमानतळेही हवीत. परंतु संसदेच्या स्थायी समितीने २०२५ मध्ये हवाई नियंत्रकांच्या कमतरतेकडे आणि त्यांच्यावरील ताणाकडे लक्ष वेधले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या नियंत्रण कक्षातील संदेशयंत्रणा कोलमडली आणि शेकडो उड्डाणे रखडली. सिमेंट-पोलादाची धावपट्टी काही वर्षांत तयार होते. अनुभवी नियंत्रक घडवायलाही तितकीच वर्षे लागतात. म्हणून नियंत्रकांची भरती पायाभरणीबरोबरच सुरू झाली पाहिजे. सर्व विमानतळांचा एकत्रित आकाश-आराखडा मंजुरीपूर्वी जनतेसमोर ठेवला पाहिजे. चूक कबूल करणाऱ्या नियंत्रकाला शिक्षेची भीती न वाटता त्या चुकीतून यंत्रणा शिकेल, अशी व्यवस्था हवी. आणि ताशी किती विमाने, याचा निर्णय विमान कंपन्यांच्या मागणीवर नव्हे, तर सुरक्षेच्या कसोटीवर व्हायला हवा.

वाढवणचा मच्छीमार आणि तलासरीचा वनवासी यांनी या प्रकल्पांसाठी आधीच पुष्कळ मोजले आहे. त्यांच्या डोक्यावरचे आकाश तरी सुरक्षित राखणे, एवढे देणे राज्यकर्त्यांनी चुकते केलेच पाहिजे.