नवशिक्याचे मशीन : अँपिअरच्या आधी वायरिंग

आर्क वेल्डिंगचे पहिले मशीन घेताना अँपिअरचा आकडा शेवटी पाहायचा असतो. पुण्याजवळच्या कासारवाडी, भोसरी, चाकण या पट्ट्यात तो सर्वांत आधी पाहिला जातो. दुकानात पहिला प्रश्न ‘दोनशेचं घेऊ की अडीचशेचं?’ हाच असतो. काय जोडायचे आहे आणि गाळ्यात वीज कुठली आहे, हे दुकानदार विचारत नाही. ज्याच्या हाताखाली नवा मुलगा शिकतो तो मिस्त्रीही सहसा विचारत नाही. त्यामुळे पैसा आकड्यात जातो आणि केबल, अर्थ क्लॅम्प, हेल्मेट यांची खरेदी उरलेल्या पैशांत उरकली जाते.

वेल्डिंगच्या बाबतीत हा परिसर साधा नाही. फोर्ब्स मार्शलची वाफेची उपकरणे कासारवाडीत बनतात आणि थरमॅक्सचे बॉयलर चिंचवडला. बॉयलरच्या जोडाला हात लावणाऱ्या वेल्डरला १९५० च्या भारतीय बॉयलर नियमावलीनुसार परीक्षा द्यावी लागते. रॉड आणि मशीन बनवणाऱ्या ॲडोर वेल्डिंगचा कारखाना चिंचवड-आकुर्डीतच आहे. ही कंपनी १९५१ साली अडवाणी-ओर्लिकॉन म्हणून सुरू झाली, आणि जुने वेल्डर अजूनही ‘अडवाणीचा रॉड’च मागतात. चाकणला मोटारींच्या बॉडी रोबो आणि स्पॉट वेल्डिंगने जुळतात. नवशिका मात्र यांपैकी कुठेही सुरुवात करत नाही. आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड संपवून किंवा एखाद्या मिस्त्रीकडे हेल्परी करून तो भाड्याच्या गाळ्यात स्वतःचे काम मांडतो. ते काम ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेडचे अँगल, ट्रॉली, मशीनचे स्टँड असे असते. त्यात दीड-दोन मिलिमीटरचा चौकोनी पाइप येतो, तीन ते सहा मिलिमीटरचा अँगल येतो, क्वचित दहा मिलिमीटरची बेस प्लेट येते. एवढ्याला बारा नंबरचा म्हणजे २.५ मिलिमीटरचा आणि दहा नंबरचा म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड पुरतो. पहिला साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालतो, दुसरा ९० ते १३० वर. आठ नंबर, म्हणजे ४ मिलिमीटरचा रॉड १४० च्या पुढे मागतो, पण पहिल्या वर्षात तो फारसा लागत नाही.

पुढचा प्रश्न विजेचा, आणि बहुतेक खरेदी इथेच फसते. दहा नंबरचा रॉड १२० अँपिअरवर जळत असताना आर्कवर सुमारे २५ व्होल्ट असतात, म्हणजे आर्कलाच ३ किलोवॅट लागतात. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७ धरला, तर २३० व्होल्टच्या सिंगल फेजमधून जवळजवळ २२ अँपिअर ओढले जातात. गाळ्यातले सॉकेट १६ अँपिअरचे असते. बारा नंबरला ८० अँपिअरवर हाच हिशेब साडेतेरा-चौदा अँपिअर येतो, आणि तो १६ च्या सॉकेटला झेपतो. दहा नंबर लावला की प्लग तापतो, सॉकेट काळवंडते, एमसीबी पडते, आणि दोष मशीनला दिला जातो. दुपारी गल्लीतली सगळी मशिने चालू असताना व्होल्टेज उतरते, तेव्हा तेवढ्याच कामाला करंट आणखी जास्त ओढला जातो. मशीन ठरवण्याआधी मीटरवरचा मंजूर भार पाहावा. ३२ अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी आणि इंडस्ट्रियल सॉकेट लावून निदान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरच्या बोर्डापासून थेट ओढून घ्यावी. वायर लांब असेल तर ६ ची. हे काम परवाना असलेल्या वायरमनचे आहे. अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का, तेही त्यानेच तपासावे. भाड्याच्या गाळ्यात तिसऱ्या पिनला नुसता टेस्टर लावून समाधान मानले जाते, ते पुरेसे नाही.

आता मशीन. जाहिरातीतला ‘२००’ हा आकडा ड्यूटी सायकलशिवाय अपुरा असतो. दहा मिनिटांच्या चक्रात मशीन त्या करंटवर किती मिनिटे चालू शकते ते ड्यूटी सायकल सांगते, आणि मानकाप्रमाणे ही चाचणी भोवतालच्या ४० अंश सेल्सिअस तापमानाला होते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात तेवढे तापमान असतेच. तापण्याचा हिशेब करंटच्या वर्गाने चालतो, म्हणून ‘२०० अँपिअर, २० टक्के’ लिहिलेले मशीन न थांबता सुमारे ९० अँपिअरच देऊ शकते. त्याशेजारचे ‘१६० अँपिअर, ६० टक्के’ सुमारे १२५ देते. छोट्या आकड्याचे हे मशीनच कामाला मोठे ठरते. ज्याच्या नेमप्लेटवर ड्यूटी सायकल छापलेली नाही, ते कितीही स्वस्त असले तरी पहिले मशीन म्हणून घेऊ नये.

इन्व्हर्टर की जुना ट्रान्सफॉर्मर, हा वाद आता बराचसा संपला आहे. तेलात बुडालेला तांब्याच्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर पिढीभर टिकतो आणि बिघडला तर वाइंडिंगवाला तो पुन्हा उभा करतो. पण तो जागचा हलत नाही, दोन फेज मागतो आणि एसी आर्कच देतो. इन्व्हर्टर खांद्याला अडकवून तिसऱ्या मजल्यावर नेता येतो आणि डीसी देतो. सुरुवातीला आर्क पेटवताना क्षणभर करंट वाढवणे आणि रॉड चिकटला की करंट तोडणे या सोयी त्यात असतात. नवशिक्याला त्यांचा खरोखर उपयोग होतो. इन्व्हर्टरचा शत्रू ग्राइंडर. ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी पंख्यातून आत ओढली जाते, इलेक्ट्रॉनिक कार्डावर बसते आणि ते शॉर्ट होते. म्हणून ग्राइंडिंगची जागा आणि मशीनची जागा वेगळी हवी. गुरुवारी पट्ट्याला सुट्टी असते, तेव्हा प्लग काढून मशीनमध्ये कोरडी हवा मारावी. दुरुस्ती कुठे होते आणि कार्ड मिळते का, हे खरेदीआधीच विचारून ठेवावे. कार्ड न मिळणाऱ्या मशीनची वॉरंटी कागदावरच राहते.

केबलवर वाचवलेला पैसा आर्कमधून वसूल होतो. होल्डर आणि अर्थ मिळून २० मीटर, २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल १२० अँपिअरला पावणेदोन व्होल्ट खाते. तेवढीच ॲल्युमिनियमची पावणेतीन खाते, आणि वाकवून वाकवून तिच्या तारा लवकर तुटतात. मशीनबरोबर डब्यात येणारी दोन मीटरची केबल प्रात्यक्षिकापुरती असते. ती काढून पुरेशा लांबीची, आयएस ९८५७ छापलेली केबल घालावी. अर्थ क्लॅम्प तर या पट्ट्यात बेवारस वस्तू आहे. सळईचा तुकडा केबलला बांधून जॉबवर टाकला जातो. मग आर्क थरथरतो, रॉड चिकटतो, आणि मुलगा हात नीट नाही म्हणून बोलणी खातो. जाड पितळी किंवा तांब्याच्या जबड्याचा क्लॅम्प, गंज व रंग घासून काढलेल्या जागी, जोडाच्या जवळ लावला की या तक्रारींपैकी बऱ्याच थांबतात. तयार मशीनवर दुरुस्ती करताना क्लॅम्प दुसऱ्या टोकाला लावला, तर करंट बेअरिंगमधून जातो आणि ते खराब होते.

रॉडमध्ये सुरुवात ई ६०१३ ने करावी. आयएस ८१४ मध्ये त्याच्या जोडीचा वर्ग ईआर ४२११ आहे, त्यातला ‘आर’ रूटाईल आवरणाचा. तो सहज पेटतो, एसी-डीसी दोन्हींवर चालतो, स्लॅग सोलून निघतो. वायरिंग झेपत असेल तर शिकायला पाच-सहा मिलिमीटरच्या प्लेटवर दहा नंबर बारा नंबरपेक्षा बरा. बारीक रॉड हातात थरथरतो, आणि पातळ पाइपवर सराव केला तर भोक पडते. लेझर कटिंगच्या शॉपमधले उरलेले तुकडे सरावाला उत्तम, मात्र ते गॅल्व्हनाइज्ड नसावेत. भार घेणाऱ्या जोडाला लागणारा ई ७०१८ नंतरचा. त्याचे आवरण ओलावा पकडते, त्यातून हायड्रोजन जोडात जातो आणि तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतो. म्हणून तो वापरण्याआधी उत्पादकाने दिलेल्या तापमानाला, बहुधा २५० ते ३५० अंशांना, तासभर किंवा अधिक भाजावा लागतो. ज्याच्याकडे ओव्हन नाही त्याने ७०१८ चे फोडलेले पाकीट पावसाळ्यात बाळगून उपयोग नाही. ६०१३ ला १०० अंशांच्या आसपास तासभर पुरतो. रॉड उन्हात वाळवण्याची पद्धत जुनी आहे, पण ७०१८ ला ती लागू पडत नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत नेमका उलटा हिशेब करावा, म्हणजे आधी हेल्मेट घ्यावे आणि मग मशीन. ४० ते ८० अँपिअरला १० नंबरची काच, ८० ते १७५ ला ११. फॅब्रिकेशनच्या कामात निम्मा वेळ टॅक मारण्यात जातो, आणि टॅक मारताना स्क्रीन खाली ठेवून डोळे मिटायची सवय इथे सर्रास आहे. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, मग कापलेला बटाटा डोळ्यांवर ठेवला जातो. आपोआप काळी होणारी काच ही सवयच मोडते, म्हणून टॅकवाल्यासाठी ती चैन नाही. सुती कपडे, चामड्याचे हातमोजे, बंद बूट यांवर वाद नसावा. पॉलिएस्टरचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. मशीनच्या टोकांवर रॉड न लावताही ६० ते ८० व्होल्ट असतात. घामाने ओल्या हाताला आणि जुलैच्या ओल्या फरशीवर ते जीवघेणे ठरू शकतात. होल्डरचे फुटलेले इन्सुलेशन टेपने गुंडाळू नये, होल्डर बदलावा. मोकळ्या स्थितीत व्होल्टेज खाली आणणारी व्हीआरडीची सोय मशीनमध्ये असेल तर थोडे जास्त पैसे मोजावेत.

धुराकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर निश्चित कर्करोगकारक गटात टाकला. जीआय पाइपच्या जस्ताचा धूर त्याच रात्री ताप आणि थंडी भरवतो. त्यावर गूळ आणि दूध देण्याची कारखान्यांतली रीत आहे. अंगाला ती बरी वाटत असेल, फुप्फुसांतला धूर तिने कमी होत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर घासून काढावा, घासताना मास्क लावावा, आणि वेल्डिंग करताना पंखा धूर तोंडावरून नव्हे तर तोंडापासून दूर नेईल असा ठेवावा. पाऊस आत येतो म्हणून शटर ओढून काम करू नये.

चाकणच्या कंपन्यांना माल देणारे छोटे व्हेंडर सीओटूची, म्हणजे गॅसच्या आवरणाखाली तारेने होणाऱ्या वेल्डिंगची मागणी करतात, त्यामुळे पहिलेच मशीन सीओटूचे घेण्याकडे हल्ली कल आहे. शेडमध्ये एकाच जाडीचे, एकसारखे जॉब रोज येणार असतील तर तो योग्य आहे. वेग जास्त, स्लॅग जवळजवळ नाही, शिकायला सोपे. मशीनच्या किमतीत सिलिंडरची अनामत, फ्लोमीटरसह रेग्युलेटर, गॅस गोठू नये म्हणून लागणारा हीटर, टॉर्चचे टिप आणि नोझल धरून मगच तुलना करावी. बाहेर गच्चीवर किंवा साइटवर वाऱ्याने गॅस उडतो, जोडात बारीक छिद्रे पडतात, आणि गेट बसवायला रॉडचेच मशीन न्यावे लागते. म्हणून सीओटू आले तरी जुना इन्व्हर्टर विकण्याची घाई करू नये.